दिल्लीची सुनावणी

"ये अंदर नहीं जाएगा," असं म्हणत शिपायाने नारळ उचलून टेबलाच्या कडेला ठेवला.

नारळ माझा नव्हता. माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या भिकूकाका परबांचा होता. डोक्यावर काळी टोपी, अंगात कोणाचा तरी मागून आणलेला कोट, त्याच्या बाह्या पार बोटांपर्यंत आलेल्या. दिल्लीच्या थंडीने त्यांचं नाक लाल झालं होतं, आणि हिंदी त्यांना 'नही' आणि 'पानी' यापलीकडे येत नव्हती. ते शिपायाकडे बघत होते, नारळाकडे बघत होते. माझ्याकडे मात्र बघत नव्हते.

शिपायाने मला विचारलं, "आपके साथ हैं?"

आता याला काय सांगायचं? देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाच्या दारात मी उभी होते, ती याच माणसाशी भांडायला. कागदावर वर त्यांचं नाव होतं, खाली माझं, आणि मधे 'विरुद्ध'. मी म्हटलं, हमारे गाँव के हैं. हे काही खोटं नव्हतं.

नारळ परत जाताना मिळेल, असं शिपाई म्हणाला. ते मी भिंतीकडे तोंड करून मराठीत मोठ्याने सांगितलं. भिकूकाकांनी मान वळवली आणि समोरच्या खांबाला म्हणाले, "नारळ देवीचो आसा. असो उघड्यावर ठेवू नये म्हणून सांगूक व्हया कोणीतरी."

मी सांगितलं. शिपाई भला माणूस. त्याने गळ्यातला मफलर काढला, घडी केली आणि नारळ त्यावर ठेवला. भिकूकाकांनी खांबाला नमस्कार केला.

हे भिंतीशी आणि खांबाशी बोलणं आधी समजावून सांगायला हवं, नाहीतर आम्ही दोघं वेडे वाटू.

आमचं घर वाळीत टाकलेलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. गाव अजून आहे आणि मीही त्यातच आहे. कणकवलीहून एस्टीने जावं लागतं, एवढं पुरे. वाळीत टाकणं म्हणजे कोणी मारत नाही, शिव्याही देत नाही. फक्त तुम्ही नसता. दुकानात गेलात की दुकानदाराला आत काहीतरी काम निघतं. विहिरीवर गेलात की बाया कळश्या अर्ध्या भरलेल्या घेऊन निघतात. शिमग्यात ग्रामदेवी सातेरीची पालखी गावातल्या प्रत्येक दारात नाचते. ती तुमच्या बेड्याशी, म्हणजे अंगणाच्या फाटकाशी, आली की ढोल थांबतो. पालखी मुक्याने पुढे जाते आणि शेजाऱ्याच्या अंगणात ढोल पुन्हा सुरू होतो. बाकी सगळ्याची सवय झाली मला. त्या मधल्या शांततेची नाही झाली.

पण माणूस बोलल्यावाचून राहत नाही. भिकूकाकांचं घर आमच्या शेजारीच, मधे नुसतं कुंपण. त्यांची बायको, जनाकाकी, माझी जिवाभावाची. गावाने बोलायचं नाही असं ठरवल्यावर ती कोंबड्यांशी बोलायला लागली. "अगो कोंबड्यांनो, उद्या एस्टी बंद आसा, बाजार आजच करून घेवा," असं कुंपणाजवळ उभी राहून ओरडायची. मी माझ्या मांजराला सांगायची, की बरं झालं बाई सांगितलंस. गावाचा नियम मोडला नाही आणि माझी साखरही संपली नाही. पुढे जनाकाकी गेली. कोंबड्या मुलाने विकून टाकल्या.

हे सगळं कशावरून, तर एका वाक्यावरून. गावात येणारा नवा रस्ता देवळाच्या कुठल्या बाजूने न्यायचा, याचा कौल लावला होता. कौल म्हणजे गुरवाने देवीच्या पाषाणाला ओले तांदूळ चिकटवायचे आणि बघत बसायचं. उजवीकडचा दाणा आधी पडला तर देवीचा होकार, डावीकडचा पडला तर नकार. दाणा अशा बाजूला पडला की रस्ता नेमका गुरवाच्या भावाच्या जमिनीला लागून आला. माझा नवरा रघुवीर धुरी पाण्याचे पंप दुरुस्त करायचा, आणि पंपवाल्या माणसाला वाटतं की कुठलीही गोष्ट उघडून बघता येते. भर बैठकीत तो म्हणाला, "कौल देवीने दिला, की गुरवाच्या अंगठ्याने?" आणि हसला.

देवीपुढे नारळ ठेव आणि माफी माग, असं मानकऱ्यांनी सांगितलं. मानकऱ्यांत पहिला मान परबांचा, म्हणजे भिकूकाकांचा. रघू म्हणाला, बोललो त्याची माफी मागतो. पण हसू आलं, त्याची कशी मागू? झालं. गावाने ठराव केला.

रघूने दावा लावला. मागणी एवढीच, की पालखी सगळ्यांच्या दारी जाते तशी आमच्याही दारी यावी. तालुक्याच्या कोर्टात गाव हरलं, जिल्ह्यात हरलं, मुंबईत हरलं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्या गावाने एकही पायरी सोडली नाही. दर वेळी वरून स्थगिती आणायची आणि दर शिमग्याला ढोल माझ्या बेड्याशी मुका करायचा. या चढाईच्या मधेच कधीतरी रघू गेला. एका सकाळी छातीत दुखतं म्हणाला आणि संपलं. नवऱ्यामागे बायकांना घर राहतं, जमीन राहते. मला दावा राहिला.

मुलगी बेळगावला दिलेली. ती म्हणायची, आई, सोड आता आणि इकडे ये. दिल्लीची वकीलबाईही फोनवर म्हणाली होती, की तुम्ही यायची काही गरज नाही, इथे पक्षकार येत नाहीत. पण रघूला जे सांगायचं होतं ते शेवटी कोणीतरी ऐकणार, त्या वेळी आमच्या घरातलं माणूस तिथे हवं, असं मला वाटलं. शिमगा तोंडावर आला होता. या खेपेला हरले असते तर पुढे कुठे जायला जागाच नव्हती. जिंकले असते तर पालखी दारात यायला हवी होती.

गावाकडून खरं तर चौघे येणार होते. एकाचा गुडघा धरला, दुसऱ्याची म्हैस विणार होती, तिसऱ्याला थंडी सोसत नाही. उरले सगळ्यात म्हातारे भिकूकाका.

आत लांबच लांब व्हरांडा होता आणि काळ्या झग्यांची नुसती धावपळ. आमचा नंबर यायला वेळ होता. भिकूकाका एका खांबाला टेकले, मी दुसऱ्याला. काही वेळाने माझ्या कानावर पुटपुट आली. "हमारा देवी बहोत जुना हय. हमारा रिवाज बहोत जुना हय." ते पाठ करत होते. गावचा पहिला मानकरी म्हणून आपल्याला उभं करून विचारतील, याची त्यांना खात्रीच होती. मी मनातल्या मनात हसले आणि मग लक्षात आलं, की माझेही ओठ हलताहेत. तोंडी परीक्षेला आलेल्या दोन पोरांसारखे आम्ही एकमेकांकडे पाठ करून आपापला धडा घोकत होतो.

मग नंबर लागला. वकीलबाईने मला मागे भिंतीशी उभं केलं. भिकूकाका माझ्यापासून हातभर अंतरावर, टोपी काढून हात जोडून उभे. समोर उंचावर न्यायाधीश बसले होते, पुढ्यात कागदांचे गठ्ठे. गावाचा वकील उठला आणि इंग्रजीत बोलायला लागला. दोनच वाक्यं झाली असतील. मधल्या न्यायाधीशांनी विचारलं, बाकी सगळ्या घरी जाते का पालखी? वकील म्हणाला, हो. मग याच घरी का नाही? वकील म्हणाला, ही जुनी परंपरा... न्यायाधीशांनी डावी-उजवीकडे बघितलं, काहीतरी तीन-चार शब्द म्हणाले आणि कागदांचा गठ्ठा बाजूला गेला. पुढच्या नंबराची माणसं आम्हाला ढकलून पुढे सरकली.

भिकूकाका अजून हात जोडूनच उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. मी त्यांच्या कोटाची बाही धरली आणि त्यांना बाहेर आणलं. वाळीत टाकल्यापासून त्यांच्या घरातल्या कोणाला मी हात लावला, तो पहिल्यांदा.

वकीलबाई बाहेर आली, माझे हात हातात घेऊन म्हणाली, अभिनंदन, पालखी येणार. आणि माझा चेहरा बघून तिने समजावलंही. म्हणाली, यांनी सगळं आधीच वाचलेलं असतं, तुमचं अगदी स्वच्छ होतं, म्हणून वेळ लागला नाही. वेळ लागला असता तर काळजी होती. मग ती दुसऱ्या कोर्टाकडे पळाली.

तिचं बरोबर होतं. आज कळतं, की जो प्रश्न विचारायचा तोच विचारला होता आणि दुसरा कुठला उरतच नव्हता. पण त्या वेळी मला वाटलं, इतक्या वर्षांचं गाठोडं डोक्यावर घेऊन मी या दारापर्यंत आले, आणि आतल्या माणसाने ते सोडूनसुद्धा न बघता, बरोबर आहे तुझं, जा, म्हणून सांगितलं. जिंकले होते. रडायला येत होतं ते त्या आनंदाने नव्हे.

हिरवळीच्या कडेला भिकूकाका उकिडवे बसले होते. त्यांनी समोरच्या झाडाला विचारलं, "झाला?"

मी म्हटलं, झालं.

"कोण जिंकला?"

मी म्हटलं, मी. त्यांनी इतका लांब श्वास सोडला, की तोंडातून वाफ निघाली. दुःखाचा की कसला, ते मला ओळखता आलं नाही. दारातून निघताना त्यांनी मफलरवरचा नारळ उचलला आणि शिपायाच्या डोक्यावर हात ठेवून त्याला आशीर्वाद दिला. शिपायाने मला विचारलं, जीत गए? मी म्हटलं, हमारा गाँव हार गया.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे येणारी गाडी. त्यांचा डबा पुढे कुठेतरी, माझा मागे. कोटा सोडल्यावर बघते तर म्हातारा नारळाची पिशवी छातीशी धरून, हलत्या डब्यांतून, माणसांच्या पायांवरून वाट काढत आलेला. माझ्या समोरच्या बाकावर बसले. थोडा वेळ खिडकीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता खिडकीशी बोलणार.

"गो बाय," ते म्हणाले. सरळ माझ्याकडे बघून.

बाहेर ऊन होतं की ढग, शेतात काय उभं होतं, काही आठवत नाही. ते दोन शब्द आठवतात.

मग ते एकटेच बोलत राहिले. गाव कधीचं थकलं आहे, म्हणाले. निम्मी घरं म्हणतात पुरे करा, पण म्हणतात ती घरात, दार लावून. बैठकीत जो आधी तोंड उघडेल तो फितूर. तालुक्याला हरलो तेव्हा लोक म्हणाले, त्या न्यायाधीशाच्या बंगल्यावरचा पंप रघूनेच दुरुस्त केलेला. जिल्ह्याला हरलो तेव्हा म्हणाले, तिथल्या कारकुनाची सासुरवाडी धुऱ्यांकडची. मुंबईला म्हणाले, आपलाच वकील फुटला.

"म्हणान वर, वर जायत रवलो. दिल्लीक आमका कोण वळखत नाय. थंय कोण कोणाचो नाय. थंयसून जा येतला, ता मान खाली घालून घेवक येता. गावाक हरूचाच होता गो."

मी विचारलं, मग आता काय अडलं?

त्यांनी पिशवीतला नारळ या हातातून त्या हातात घेतला. "माका कोणी कायच विचारूक नाय," ते म्हणाले. "एक मिनिट. आमच्याकडे म्हशीची किंमत ठरवूक ह्याच्यापेक्षा जास्त वेळ लागता. गाव माका विचारतला, साहेब काय म्हणालो? तू काय म्हणालंस? मी काय सांगू? एका मिनिटात घालवून दिल्यानी? म्हणतले, ऐकूनच घेवक नाय. मग तोही न्याय खोटो. आणि आता तर वर कोर्टच उरूक नाय."

हे खरं होतं. आदेशाचा कागद यथावकाश येणार होता, पण आमच्या गावाने कागदावर कधी विश्वास ठेवला नव्हता. गावाचा विश्वास भिकूकाकांच्या तोंडावर. आणि ते तोंड त्या क्षणी उघडं आणि रिकामं होतं. पालखी माझ्या दारात यायची की नाही, हे दिल्लीत ठरलं होतं आणि तरी ठरलं नव्हतं.

"थोडा वाढवूक व्हया," ते हळूच म्हणाले.

भिकूकाका जन्मभर गाऱ्हाणं घालत आलेले. कोणाच्या गाईला दूध येत नाही एवढंच सांगायचं असतं. गाऱ्हाणं घालणारा त्यात बारा गावच्या देवांना बोलावतो, सात पिढ्यांची आठवण काढतो, मग सावकाश गाईपाशी येतो. अशा माणसाला एका ओळीचं पानभर करायला कितीसा वेळ? त्यांनी कोर्ट मांडायला घेतलं. न्यायाधीश पाच असू देत म्हणाले. मी म्हटलं, नको, होते तेवढेच ठेवू या. न्यायाधीशांच्या डोक्याला त्यांना फेटा हवा होता. तोही मी काढून टाकला. न्यायाधीशांनी आधी देवीची चौकशी करायला हवी, यावर ते अडूनच बसले, तेव्हा मी म्हटलं, बरं, करू देत. पण प्रश्न कोण विचारणार? गाव आणि न्यायाधीश, दोन्ही त्यांना होता येईना.

"तू हो साहेब," ते म्हणाले.

मी पदर सारखा केला आणि साहेब झाले. शेजारच्या बाकावर एक बाई मुलाला पुऱ्या भरवत होती. ती थांबून बघायला लागली.

सुरुवातीला गंमतच होती. मी विचारलं, सातेरी कोण, किती जुनी? देवी जिथून प्रकटली त्या वारुळापासून त्यांनी सुरुवात केली. मी विचारलं, गावात घरं किती, पालखी उचलणारे कोण? त्यांनी मानाप्रमाणे एकेक नाव सांगितलं, एकाचंही चुकवलं नाही. मी म्हटलं, रघुवीर धुरी नेमकं काय म्हणाला? त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं, आणि म्हणाले, महाराजा, रघू बोललो तो बोललो, वर हसलो. मी विचारलं, देवीच्या दारात हसायला बंदी आहे? ते विचारात पडले. म्हणाले, बंदी अशी नाय. खरा सांगायचा तर आमका सगळ्यांकाच हसू येय होता. तो एकटोच हसलो.

त्यावर मी हसले आणि तेही हसले. आणि त्या हसण्यात मधेच कुठेतरी, न ठरवता, मी पुढचा प्रश्न विचारला.

"रघुवीर धुरी वारला, तेव्हा खांदा कोणी दिला?"

भिकूकाकांचं हसू चेहऱ्यावरच राहिलं. त्यांना ते काढून ठेवता येईना. मी साहेब होते. मी वाट बघत राहिले. खाडीपलीकडून रघूच्या गिऱ्हाइकांतले चौघे होडीतून आले होते, त्यांनी त्याला उचललं. आमच्या वाडीतली दारं त्या सकाळी उघडलीच नव्हती. हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. पण त्या दिवसापासून ते कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

"कोण जाऊक नाय, महाराजा," ते शेवटी म्हणाले.

"तुम्ही कुठे होता?"

"कुंपणाकडे उभो होतंय."

"मग?"

"उभोच होतंय."

पुरीवाल्या बाईला भाषा कळत नव्हती. तरी तिने मुलाचं तोंड पुसून त्याला मांडीवर घेतलं आणि खिडकीकडे वळून बसली.

मग गाडी कुठल्या तरी स्टेशनात थांबली, तेव्हा भिकूकाका दाराशी गेले आणि पायरीच्या लोखंडावर त्यांनी नारळ फोडला. पाणी फलाटावर सांडलं. परत येऊन खोबऱ्याचा तुकडा त्यांनी माझ्यापुढे धरला. देवीचा नारळ, मानकऱ्याच्या हातचा, वाळीतल्या बाईला. मी तो खाल्ला. साधाच नारळ होता, जरा खवटही.

"ह्यां शेवटचा गावात सांगू?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ते तुम्ही ठरवा. मी आता साहेब नाही.

कणकवलीहून एस्टी एकच. त्यात आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो. गावाच्या अलीकडे तीन रस्त्यांचा तिठा येतो. तिथे भिकूकाका उतरले. तिथून गाव बरंच लांब, चढाचं. पण गावात ते माझ्याबरोबर उतरले असते, तर बोलायच्या आधीच फितूर झाले असते. एस्टी निघाली तेव्हा ते मोठ्या कोटात, रिकामी पिशवी घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी मात्र बघत नसल्यासारखं दाखवून बघितलं.

त्यानंतरचे दिवस सगळ्यात वाईट. त्यांच्या ओटीवर रोज माणसं जमायची. कुंपणाच्या अलीकडे मला नुसता आवाजांचा गुंता ऐकू यायचा; शब्द सुटा होत नसे. कधी एकदम गप्प व्हायचे सगळे, ते जास्त ऐकू यायचं. जनाकाकी असती तर कोंबड्यांना सगळं सांगून मोकळी झाली असती. मुलीचा फोन आला, की आई, जिंकलीस ना, मग आवाज असा का? मी म्हटलं, सर्दी झाली. विहिरीवर बाया तशाच निघून जात होत्या, फक्त आता जाताना मागे वळून बघत होत्या. हे चांगलं की वाईट, ते सांगायला घरात मांजरही उरलं नव्हतं.

शिमग्याला मी अंगण सारवलं. सारवू नये असं मन म्हणत होतं. नाही आली तर सारवलेलं अंगण तोंडावर हसतं. तरी सारवलं, रांगोळी काढली, ओटीचं ताट भरलं आणि दाराआड उभी राहिले. उंबऱ्यावर उभं राहायचं धाडस झालं नाही. ढोल वाडीत शिरला. परबांच्या अंगणात पालखी नाचली, खूप वेळ नाचली. मग ढोल माझ्या बेड्याशी आला आणि थांबला.

ती शांतता माझ्या ओळखीची होती. मी डोळे मिटले आणि पुढच्या घरी ढोल सुरू व्हायची वाट बघायला लागले.

सुरू झाला तो इतक्या जवळ, की ताटातला नारळ हलला.

अंगण माणसांनी भरलं होतं. पालखी नाचत होती, गुलाल उडत होता आणि कोणाच्याच नजरेला नजर मिळत नव्हती. सगळे पालखीकडे बघत होते, ते एक बरं होतं. मग ढोल थांबला आणि भिकूकाका गाऱ्हाणं घालायला पुढे झाले. गाऱ्हाण्यात घरच्या माणसांच्या चुका देवीने पोटात घालाव्या असं म्हणायची रीत आहे. त्यांनी बारा देवांना बोलावलं, धुऱ्यांच्या पिढ्या मोजल्या, रघूचं नाव घेतलं, आणि म्हणाले, "बा सातेरी माये, ह्या घराच्या बाबतीत आमच्याकडसून जा काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल."

आमच्याकडसून. माणसांना शब्द कळायला क्षणभर लागला. पण सवय मोठी असते. सगळं गाव एका आवाजात म्हणालं, "व्हय महाराजा."

पालखी पुढे गेल्यावर बाया आल्या. सगळ्यांत आधी भिकूकाकांची सून प्रमिला. तिने देवीचा प्रसाद माझ्या हातावर दिला आणि माझा हात धरूनच ठेवला. "वैनीनू," ती म्हणाली, "मामंजींनी सगळा सांगितला. दिल्लीच्या साहेबाने विचारल्यान म्हणे, की रघूभावजींक खांदा कोणी दिलो. आणि मामंजींक उत्तर देवक येईना." तिच्या मागच्या बाया खाली बघत होत्या. मग त्या मला, मीच तिथे नव्हते अशा थाटात, दिल्लीची सगळी सुनावणी सांगायला लागल्या. मी ऐकून घेतली.

पुढे आदेशाचा कागद आला. दोन-तीन ओळींचा होता. कोणी तो बघायला मागितला नाही.

भिकूकाका माझ्याशी पुन्हा कधी तसं बोलले नाहीत. येता-जाता विचारायचे, बरी आसस ना, एवढंच. त्या गाडीतल्या बाकांवर जे झालं, ते आम्ही दोघांनी परत काढलं नाही. आता ते गेले त्यालाही बरीच वर्षं झाली. म्हणजे दिल्लीत खरं काय झालं, हे जाणणारी मी एकटीच उरले. सुनावणी मात्र गावात वाढत गेली. न्यायाधीश आता पाच झालेत. त्यातल्या एकाला फेटाही आलाय. भिकूकाकांची ती हौस कोणीतरी पुरी केली. गावात दोन भावांचं वाजलं, कोणाच्या घरी बोलाचाली बंद झाली, की म्हातारे अजून सांगतात, दिल्लीला काय विचारलं होतं ते आठवा.

परवा प्रमिलाची नवी सून माझ्याकडे विरजण न्यायला आली होती. शिकलेली पोर आहे, पुण्याची. सहजासहजी कशावर विश्वास ठेवणारी नव्हे. ओटीवर बसून म्हणाली, "आजी, तुम्ही तर तिथे होता ना? एवढ्या मोठ्या कोर्टाने खरंच विचारलं, की खांदा कोणी दिला?"

"हो," मी म्हटलं. "आणि उत्तर येईपर्यंत थांबलं."